वाघदेवाच्या रानातला पाला

भात झोडून झालं की आमच्या घराला कुलूप लागायचं. कुलूप म्हणायचं आपलं, खरं तर ती कुडाच्या दाराला बांधलेली दोरी होती. आत नेण्यासारखं काही नव्हतंच. वीटभट्टीचा ट्रक पाड्याच्या तोंडाशी यायचा. त्यात दोन हंडे, तवा, गोधडी आणि कोंबड्यांचं खुराडं चढायचं, मागून आय आणि बा. सहा वर्षांची होईपर्यंत मीही चढले. भट्टीवर आमची झोपडी कच्च्या विटांची असायची, नुसत्या रचलेल्या, आणि विटा कमी पडल्या की मुकादम आमच्याच भिंतीतल्या काढून न्यायचा. हे मी शाळेत इतर शिक्षकांना सांगते तेव्हा ते हसतात. त्यांना वाटतं मी तिखटमीठ लावते.

पुढे आश्रमशाळेत नाव घातलं आणि मी मागे राहिले. मे महिन्याच्या सुटीत पाड्यावर यायचे तेव्हा आय-बा अजून भट्टीवरच असायचे. मी आयच्या मामेभावाकडे राहायचे. तो आमच्या पाड्याचा भगत. देवाचं सगळं तोच बघतो. मी त्याला मामा म्हणते, अख्खा पाडाच म्हणतो.

एका वर्षी बा भट्टीवरून खोकला घेऊन आला. दोन पावसाळे काढले आणि गेला. त्यानंतरच्या दिवाळीला ट्रक आला तेव्हा आय उंबऱ्यात बसून होती. मुकादमाने हाक मारली, "काय गं, भांडी कुठं तुझी?"

"चुलीवर," आय म्हणाली. "मी नाय येत."

"मग खाशील काय?"

"ते बघीन मी."

आयने काय बघितलं होतं ते मला नंतर कळलं. भात लावणी आणि कापणीच्या मधल्या दिवसांत ती डहाणूकडे चिकूच्या वाडीत मजुरीला जायची. तिथून तिने मोगऱ्याच्या काड्या आणल्या होत्या, ओल्या फडक्यात गुंडाळून. घरामागच्या तुकड्यात लावल्या. मोगऱ्याला बहर येतो उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात आमच्या डोंगरपट्ट्यात पाणी म्हणजे एक डवरा.

डवरा म्हणजे झऱ्याच्या तोंडाशी खणलेला कमरेएवढा खड्डा, आतून दगड लावलेला. आमचा डवरा टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि वर टेकडीवर वाघदेवाचं रान. उन्हाळ्यात डवऱ्यात पाणी साचत नाही, झिरपतं. आपण काठावर बसायचं आणि करवंटीने हंड्यात भरत राहायचं. एक करवंटी काढली की दुसरी भरेपर्यंत गप्पा मारायच्या. पाड्याचा नियम होता: सकाळचं पाणी माणसांचं, दुपारचं झाडाझुडपांचं. आय दुपारी बसायची. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातसुद्धा तिला तिचे हंडे मिळायचे. उशिरा मिळायचे, पण मिळायचे.

त्या करवंटीच्या पाण्यावर मोगरा जगला. उजाडायच्या आत कळ्या खुडायच्या, पळसाच्या पानांत बांधायच्या आणि डहाणूला जाणाऱ्या पहिल्या जीपमध्ये द्यायच्या. त्या कळ्यांवर मी तलासरीला कॉलेज केलं. हायवेपर्यंत चालत, पुढे जी मिळेल ती गाडी. बी.ए. झाले, भूगोल घेऊन. आमच्या पाड्यातली पहिली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. निकाल लागला तेव्हा आयने विचारलं, "संपलं का आता?" मी म्हटलं, अजून बी.एड. आहे. ती म्हणाली, "कर. मोगरा हाय तवर कर."

आता पाड्यावरच्या चौदा-पंधरा घरांमागे मोगरा आहे. आयचं बघून बायकांनी लावला. एकेका बाईने भट्टीच्या ट्रककडे पाठ फिरवली.

पाड्यावर मला कोणी नावाने हाक मारत नाही. "ए बीए" म्हणतात. ए बीए, हा फॉर्म भर. ए बीए, बँकेत काय लिहिलंय बघ. मला बरं वाटायचं. आणि त्या बरं वाटण्यातूनच पुढचं सगळं झालं.

वाघदेवाच्या रानाबद्दल सांगायला हवं. आम्ही वारली. लोकांना आमची चित्रं माहीत असतात. मी वारली आहे म्हटलं की डहाणूत नवीन आलेला माणूस विचारतो, "मग तुम्हाला चित्रं काढता येत असतील!" मला साधा आंबा काढता येत नाही. पण रान कसं राखायचं ते आमच्यातल्या आंधळ्यालाही येतं, आणि ते कोणी विचारत नाही. रानात मधोमध वाघदेवाचं लाकूड उभं आहे. त्यावर वाघ, वर चंद्र-सूर्य. भोवती ऐन, हेद, कळंब, बेहडा, आणि गारंबीचा वेल, मांडीएवढा जाड. नियम एकच: आत जे पडलं ते आत राहील. फांदी मोडून पडली तरी तिथेच कुजणार. फळ खाली पडलं तर पाखरांचं. आणि पाला. पिढ्यान् पिढ्यांचा पाला घोट्याच्या वर साचलेला असायचा. चालताना आवाज येत नसे. वरचा थर कोरडा असायचा, आणि खाली हात घातला तर होळीच्या दिवसांतही माती काळी, ओली, गार. लहानपणी मी नेहमी हात घालून बघायचे. विंचवाची भीती होती तरी.

बाहेर जे पाल्याचं काम चालतं ते कळलं तरच या नियमाची किंमत कळेल. आम्ही पेरणीआधी राब भाजतो. जिथे भाताचं रोप करायचं त्या जमिनीवर पाला-फांद्या पसरून जाळतो, मग राखेत पेरतो. राबाला पाला लागतो तो टोपल्याने नाही, भाऱ्याने. उन्हाळाभर बायका पाला गोळा करत मैल मैल फिरतात. आणि घराशेजारी, टेकडीवर, एवढा पाला पडलेला असताना एकही बाई कधी मूठभर आणत नव्हती. कोणी राखणदार नव्हता, कुंपणही नव्हतं.

तर झालं असं. चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते. पाड्यातले सगळे जातात, आम्हीही गेलो. तिथली फरशी, पायऱ्या, दिवे, गर्दी. परत येताना टेम्पोत आमच्या वॉर्डाचा पंचायत सदस्य म्हणाला, "देवीचं बघा कसं, आणि आपला देव बघा. गवतात बसलाय. पावसात भिजतोय." खरंच वाईट वाटलं सगळ्यांना. त्यात ढोंग नव्हतं. आपण कुडाच्या घरातून सिमेंटच्या घरात आलो आणि देव तिथेच राहिला, असं वाटलं. मलाही वाटलं.

"ए बीए," सदस्य म्हणाला, "एक अर्ज लिही. निधी येतो असल्या कामाला."

मी लिहिला. तो अर्ज मला अजून पाठ आहे. "सदर देवस्थान परिसर झुडपांनी व्यापलेला, अस्वच्छ व चिखलमय असून भाविकांची गैरसोय होते. तरी परिसराचे सुशोभीकरण करून मिळावे." अस्वच्छ. मी लिहिलं ते. लहानपणी ज्या पाल्यात हात घालून बसायचे त्याला मी अस्वच्छ म्हटलं, आणि अक्षर फार सुरेख आलं म्हणून खूश झाले. खाली सह्या आणि अंगठे घेतले. मामाचा अंगठाही घेतला. त्याने विचारलं, "यात काय लिहिलंय?"

"देवाला शेड, लाद्या."

"आणि रानाला?"

"रान साफ करणार."

त्याने अंगठा शाईत बुडवला आणि हवेत धरून ठेवला. "भाची, देव सावलीला बसला नाय. पाल्यात बसलाय," एवढं म्हणाला. मग सगळे बघत होते म्हणून असेल, किंवा अर्ज मी लिहिला होता म्हणून असेल, अंगठा उमटवला.

काम मंजूर झालं. ठेकेदाराची माणसं आली. देवाभोवती उतारावर पेव्हर ब्लॉक बसवले, डवऱ्याच्या वरच्या अंगापर्यंत. पत्र्याची शेड उभी केली. वेल तोडले, झुडपं काढली. पाल्याचे ढीग झाले, माणसापेक्षा उंच. ते बघून आमच्या लोकांचा जीव तुटायला लागला, आणि त्यातून ती चूक झाली जी फक्त आम्हीच करू शकतो. ठेकेदाराचा माणूस काडी लावणार होता. कोणीतरी म्हणालं, देवाचा पाला असा फुकट जाळायचा? त्यापेक्षा राबाला नेऊ. आता रानच साफ होतंय तर नियम कुठं राहिला? दोन दिवसांत सगळा पाला पाड्यातल्या राबांवर गेला. मीही पाच भारे वाहिले. त्या वर्षीची रोपं अशी काळीशार आली की शेजारच्या पाड्यातली माणसं बघायला यायची.

पावसाळा आला तो एकदम. हल्ली तसाच येतो. आठ-दहा दिवस नुसता जाळ, आणि मग दोन दिवसांत आठवड्याचा पाऊस. मी छत्री घेऊन वर गेले. पूर्वी रानातून पाणी वाहत येताना दिसायचंच नाही, आता ब्लॉकवरून लाल पाण्याचा पडदा खाली धावत होता. मला ते आवडलं. मी घरी येऊन सांगितलं, "आय, चिखल नाय बघ थेंबभर. सगळं पाणी निघून जातं."

आय भाकरी थापत होती. "कुठं जातं?" तिने विचारलं.

"खाली. नदीला."

तिने भाकरी तव्यावर टाकली. मी छत्री वाळत घातली.

होळीला डवऱ्याचा तळ दिसला. इतक्या लवकर कोणी बघितला नव्हता. पंधरा दिवसांनी सकाळचं पाणी दुपारपर्यंत पुरेना, मग दुपारचं पाणी हा नियमच संपला. मध्यंतरी पंचायतीने बसवलेल्या हातपंपाने लाल पाणी ओकलं आणि तोही थांबला. पाड्याला पिण्यासाठी टँकर सुरू झाला, पण टँकर मोगऱ्यासाठी येत नाही. ऐन कळ्यांच्या दिवसांत झुडपं पिवळी पडली. आय भांडी घासलेलं पाणी घालायची, आंघोळीचं घालायची, शेवटी कोणती झुडपं जगवायची आणि कोणती सोडायची हे ठरवायला लागली. ती सोडायच्या झुडपांकडे पाठ करून बसायची.

मी तोवर डहाणूच्या शाळेत लागले होते. रविवारी घरी गेले तर अंगणात मुकादम उकिडवा बसलेला. तोच, केस पांढरे झालेले. कुठून वास लागतो यांना कोण जाणे. पाड्यातलं पाणी गेलं की हे येतात.

"दिवाळीनंतरचं आत्ताच बोलून ठेवतो," तो म्हणाला. "तुझी जागा राखतो."

मला वाटलं आय त्याला हाकलेल. ती म्हणाली, "सांगते तुला. बघते."

मी पगार मिळवत होते, तिला डहाणूला खोलीवर नेऊ शकत होते. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "तुझ्या खोलीत मी काय करू? तुझ्या वह्या तपासू?" तिला स्वतःचं काम हवं होतं, स्वतःच्या अंगणात. ते गेलं तर तिला भट्टी आणि माझी खोली सारखीच होती.

तो उन्हाळा तिने चिकूच्या वाडीत काढला. रोज टेम्पोने डहाणूला. मी एकदा तिला घ्यायला गेले तेव्हा वाडीचे शेठ झाडाखाली उभे होते, खाली पडलेली चिकूची फुलं पायाने सारत. म्हणाले, "बघा बेन, तापलं की फूल गळतं, आणि नको तेव्हा पाऊस आला की फळ सडतं. आजोबांच्या वेळची झाडं आहेत ही. एवढी वर्षं त्यांना ऋतू कळत होता. आता त्यांनाच कळत नाही तर मला काय कळणार?" समुद्राकाठची मोठी वाडी त्यांची, पंपाचं पाणी, आणि तरी चेहऱ्यावर आयच्याच चेहऱ्यावरची काळजी होती.

परतताना टेम्पोत मी आयला समजावून सांगितलं. शिकवते तेच. हवा तापते आहे, पावसाचे दिवस कमी झालेत आणि पाऊस तेवढाच, म्हणून धो धो पडून वाहून जातो. हवामान बदल. आपल्या हातात नाही.

आय ऐकत होती. मग म्हणाली, "मोगऱ्याच्या बुडाला मी पाला का घालते गं?"

"ओल राहावी म्हणून."

"एवढं तुला ठाऊक हाय," ती म्हणाली, आणि बाहेर बघायला लागली.

टेम्पो हायवे ओलांडून डोंगराकडे वळला तेव्हा ती काय म्हणाली ते मला कळलं. बी.ए., बी.एड., भूगोल. पाऊस बदलला होता हे खरंच. पण तो बदललेला पाऊस अडवायला आमच्याकडे एकच गोष्ट होती, कोणी कधीपासून राखलेली कोण जाणे, आणि ती मी सुरेख अक्षरात अस्वच्छ म्हणून लिहून काढून टाकली होती. वाघदेवाचा पाला म्हणजे त्या डवऱ्याच्या बुडाचा पाला.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मी टेकडीवर गेले. वर मामा होता. डोक्यावरची टोपली ब्लॉकवर उपडी करत होता. पाला. स्वतःच्या वरकस, उतारावरच्या हलक्या जमिनीतून आणलेला. वारा आला की तो ब्लॉकवरून उडून खाली जायचा, आणि मामा दुसरी टोपली आणायला जायचा. पाड्यावर विचारलं तेव्हा कळलं, तो होळीपासून रोज हे करतोय. पोरं त्याला चिडवत होती, "मामा, देवाचा राब भाजताय काय?" तो म्हणायचा, "हो रे, तुमचं डोकं पेरायचंय त्यात."

मी त्याला विचारलं, "मामा, मला आधी का नाय बोललात?"

"बोललो की. तू लिहीत होतीस."

एवढंच. पुन्हा त्याने तो विषय कधी काढला नाही, टोमणा म्हणूनही नाही. मी पुष्कळ शिकलेली माणसं बघितली आहेत, आपलं खरं ठरल्यावर इतकं गप्प बसता येणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

पाड्याची बैठक भरली. मी उभी राहून सांगितलं की ब्लॉक काढायला हवेत आणि रान पुन्हा बंद करायला हवं. पंचायत सदस्य उसळला. "वा! शिकलेल्या माणसाचं बरं असतं. आधी अर्ज घालायचा, मग अर्ज काढायचा. तालुक्यात लोक हसतील आपल्याला."

"हसू दे की," मागून एक बाई म्हणाली. "टँकरच्या रांगेत मी रोज रडते, ते कोणी बघायला येत नाय."

"आणि पाऊस कमी झाला तर? ब्लॉक काढून पाणी येईल असं लिहून देते का ही?"

"नाय देत," मी म्हटलं. "मागच्या वेळी लिहून दिलं तेच चुकलं. अर्ज मी लिहिला होता. चूक माझी."

यावर आयच्या बरोबरीची एक म्हातारी हातातली विडी खाली ठेवत म्हणाली, "बस खाली. अर्ज तुझा, पण अंगठे आमचे होते. आणि पाला कोणाच्या राबात गेला? माझ्या तर गेला. भात खाल्लं मी त्याचं."

कोणी हसलं, आणि त्या हसण्यात बैठकीचा नूर बदलला. मग मामा बोलला. ज्याने ज्याने देवाचा पाला राबाला नेला त्याने तेवढाच दुसरा परत आणायचा. भारा मोजायचा नाही, ज्याचं त्याला ठाऊक. आणि पाला आल्यावर रान बंद. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला देव पूजायचा तेवढं आत जायचं, एरवी कोणी नाही. सदस्यानेही मान डोलावली. पाला त्याच्याही राबात गेला होता.

तालुक्याच्या कार्यालयात मी नवा अर्ज घेऊन गेले. टेबलावरच्या साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. "मॅडम, बसवण्याचा प्रस्ताव असतो. काढण्याचा नमुनाच नाही आमच्याकडे." तीन खेपा झाल्या. शेवटी त्यांनीच मार्ग दाखवला. चांगला माणूस होता. ग्रामसभेचा ठराव आणा, म्हणाले, आणि त्यात काढणे असं लिहू नका, स्थलांतर लिहा. मी लिहिलं: पेव्हर ब्लॉकचे अंगणवाडीसमोरील पटांगणात स्थलांतर करणे.

ब्लॉक बायकांनीच काढले. घणाने सुटे करायचे आणि डोक्यावर चार चार घेऊन उतरायचं. पुरुष सुरुवातीला बघत होते, मग लाजेने आले. अंगणवाडीसमोर आता चिखल होत नाही, तिथे ते ब्लॉक शोभतात. शेडचे पत्रे समाजघराला गेले. उतारावर मामाने हाताने दगडांच्या ओळी रचून घेतल्या, गुडघ्याच्याही खाली, पाला अडकावा एवढ्याच. आणि मग भारे यायला लागले. पहाटे उठून, कोणाला न दाखवता, माणसं पाल्याचे भारे वर नेत होती. मी माझे पाच नेले. सदस्याने किती नेले मी मोजलं नाही, पण त्याची बायको म्हणाली, मान अवघडलीय त्यांची.

त्या दिवाळीनंतर मुकादम आला. आयने त्याला गुळाचा चहा दिला आणि सांगितलं, "औंदा नको. एक उन्हाळा बघते." त्या एका उन्हाळ्यावर तिने सगळं लावलं होतं. जगवलेल्या झुडपांच्या काड्या करून पुन्हा लावल्या होत्या.

तो उन्हाळा फार चांगला गेला नाही. डवरा मार्चच्या शेवटापर्यंत पुरला, पुढे नाही. आय पुन्हा चिकूच्या वाडीत गेली. मामा म्हणाला, माती भाजलेली आहे, तिला वेळ द्या. दुसऱ्या वर्षी कापणीच्या तोंडावर नको तो पाऊस आला आणि कापलेलं भात शेतात उगवलं. पाऊस काही आमच्यासाठी सुधारला नाही. सुधारणारही नाही, हे मी वर्गात मुलांना सांगते. पण त्याच पावसात मी वर गेले तेव्हा रानाच्या कडेला पाणी धावत नव्हतं. पाल्याखाली गेलं होतं. ऐनाची रोपं वर आली होती आणि गारंबीच्या तोडलेल्या बुंध्याला हाताएवढा फुटवा होता. त्या उन्हाळ्यात दुपारचं पाणी एप्रिलपर्यंत मिळालं.

मुंबईहून एका कॉलेजची मंडळी आली होती रान बघायला. वारसा, सांस्कृतिक भूदृश्य असे शब्द होते त्यांच्याकडे. चांगले शब्द आहेत, मी वहीत उतरवून घेतले. ते वाघदेवाच्या लाकडाचे फोटो काढत होते, कडेला उभं राहून, कारण रान बंद. मामा त्यांच्या सरांना म्हणाला, "त्याचे काय काढता, ते लाकूड आहे. कुजलं की आम्ही दुसरं घडवतो. खालचा काढा." सर वाकून बघायला लागले. खाली नुसता पाला. सरांनी विचारलं, "यात काय आहे?" मामा म्हणाला, "पाणी आहे." आणि निघून गेला.

मी त्याच्या मागे उतरले. तो सत्तरीचा माणूस, पायात चप्पल नाही, शाळेचं तोंड बघितलेलं नाही. मला तेव्हा वाटलं, मी जे शिकले ते खरं आहे, आणि ते मी यांच्याजवळ राहून शिकले असते तर लवकर कळलं असतं. पण असंही वाटलं की ठराव लिहिणारं कोणी नसतं तर ब्लॉक अजून तिथेच असते. दोन्ही खरं आहे. मी माझी डिग्री भिंतीवरून काढलेली नाही.

यंदाचा उन्हाळा गेल्या सगळ्यांपेक्षा कडक होता. मार्चमध्येच शाळेची वेळ सकाळची करावी लागली. मी दर रविवारी घरी आले की आधी डवऱ्यावर जायचे. आय करवंटी घेऊन काठावर बसलेली असायची, बाजूला दोघी-तिघी, आणि त्यांची थट्टा चाललेली असायची. "आली गं बीए, पाण्याचा पेपर तपासायला!"

पाऊस जूनच्या मध्यावर आला. तोपर्यंत डवऱ्यात पाणी होतं आणि दुपारचा नियम मोडला नाही. आयने शेवटपर्यंत कळ्या खुडल्या, आणि या वर्षी ती एकही दिवस बाहेर मजुरीला गेली नाही. आमच्या पाड्यातून भट्टीवर एकही बाई गेली नाही.